हायस्कूल रेसलिंग: पोराचा आणि पोरीचा वजनगट कसा ठरवायचा

अमेरिकेत पोरं हायस्कूलला गेली आणि रेसलिंगला नाव घातलं की आठवडाभरात घरात सुरू होतं, "आई मी ११५ ला खेळणार." का? तर टीममध्ये ११५ पाउंडांच्या गटात कोणी नाहीये म्हणून! अरे पण तू तिथे बसतेस का ते तरी बघ आधी.

पहिलं काम, आपल्या राज्याचा तक्ता काढा. २०२३-२४ पासून १२, १३ की १४ गट ठेवायचे ते प्रत्येक राज्य ठरवतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचा गट सांगून उपयोग नाही. १४ गटवाल्या तक्त्यात मुलांचे १०६ ते २८५ पाउंड, मुलींचे १०० ते २३५. मुलींचे गट खाली दाट आहेत, १०० पासून १४५ पर्यंत दर पाच पाउंडांना एक.

मग सीझनच्या सुरुवातीचं असेसमेंट, म्हणजे किती खालच्या गटात खेळता येईल ते ठरवणारी तपासणी. आधी लघवी तपासतात, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट आहे त्याचं माप) १.०२५ च्या वर गेली तर अंगात पाणी कमी म्हणून पुढचं काही करतच नाहीत, परत दुसऱ्या दिवशी जा. तेव्हा आदल्या दिवसापासून पाणी प्यायला लावा. त्यानंतर वजन आणि बॉडी फॅट, बऱ्याच ठिकाणी कॅलिपरच्या चिमट्यात कातडीची घडी धरून मोजतात, पोरांना गुदगुल्या होतात.

आता खरी गंमत. मुलांना किमान ७ टक्के फॅट ठेवावंच लागतं, मुलींना १२. समजा दोघंही १३० पाउंडांची. मुलाचं फॅट १२ टक्के, म्हणजे फॅट सोडून ११४.४ पाउंड, ७ टक्के फॅट ठेवायचं तर हे वजनाचे ९३ टक्के झाले पाहिजेत, म्हणून ०.९३ ने भागा, १२३ आले. याच्या खाली तो जाऊ शकत नाही, म्हणजे गट १२६. मुलीचं फॅट २२ टक्के, उरले १०१.४, भागिले ०.८८, आले ११५.२. गेला ना ११५ चा गट, ०.२ पाउंडाने! तिला १२० च. आणि तिथे पोचायलाही आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवता येत नाही, म्हणजे दहा पाउंडांना पाच आठवड्यांच्या वर लागतात. रबरी सूट घालून घाम काढणं वगैरे नियमात बसत नाही, कोणी सुचवलं तरी ऐकू नका.

मुलींची टीम नसली तर मुलगी मुलांशी खेळते. वजन तेच असलं तरी वयात आलेल्या मुलाच्या खांद्यात-दंडात सरासरी जास्त ताकद असते, त्यामुळे तिला वरच्या झटापटीत न अडकता पट काढायला (पाय धरून पाडायला) शिकवा, मुलींचा भार कमरेखाली जास्त असतो त्याचा फायदा होतो. मुलांमध्येही १४ वर्षांचा नववीतला आणि १८ चा बारावीतला एकाच गटात समोरासमोर येतात, काटा सेम दाखवतो पण अंग सेम नसतं. म्हणून नववीतल्या पोराचं वजन उतरवायच्या मागे तर मुळीच लागू नका, त्याची उंची अजून वाढतेय, खाऊ दे त्याला.

मुलींचं अजून एक, पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं आणि काट्यावर दोन-तीन पाउंड जास्त दिसू शकतात, ते फॅट नाही, घाबरून जेवण तोडू नका, कोचला सांगून ठेवा. आणि सीझनमध्ये पाळी चुकायला लागली तर "खेळामुळे होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या आणि तोपर्यंत वजन उतरवणं बंद, मग गट वरचा घ्यावा लागला तरी चालेल.