वाइनचा कोर्स करायचाय? आधी काम ठरवा

हॉटेल मॅनेजमेंट झालेली पोरं हल्ली विचारतात, दादा वाइनचा कोर्स करायचाय, कुठला करू? मी उलट विचारतो, काम काय करायचंय ते सांग आधी. वाइन बनवायची असेल तर हे कोर्स त्यासाठी नाहीतच, तिथं फर्मेंटेशन, केमिस्ट्री असं सायन्सचं शिक्षण लागतं आणि हंगामात वायनरीत राबावं लागतं. टेबलावर सर्व्हिस द्यायची असेल तर कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिये (सोमेलिये म्हणजे हॉटेलात वाइन सुचवणारा, वाढणारा), तिथं बाटली कशी उघडता, गेस्टशी कसं बोलता हेही बघतात. आणि इम्पोर्टर, डिस्ट्रिब्युटर, रिटेल, ट्रेनिंग या लाइनला जायचं असेल तर डब्ल्यूएसईटी, म्हणजे वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट, लंडनची 1969 सालची संस्था. मी हेच केलंय, त्यामुळे याच्यावरच बोलतो.

लेव्हल 1 केलीच पाहिजे असं काही नाही, थेट 2 ला बसता येतं. 50 ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, एक तास, पासिंग 55 टक्के, नीट वाचलं तर निघते. खरी परीक्षा लेव्हल 3, कारण तिथं लिहावं लागतं. जर्मनीतल्या मोझेलची रिसलिंग (पांढऱ्या द्राक्षाची वाइन) हलकी आणि आंबटसर का, तर थंड हवा, त्यामुळे द्राक्षात साखर हळूहळू चढते, आम्लता टिकून राहते, म्हणून अल्कोहोल कमी, अशी कारणांची साखळी मांडायची. नुसती गावांची नावं पाठ केलेली इथं आपटतात.

यात आपल्या नाशिक-दिंडोरीकडची द्राक्षवाल्यांची पोरं पुढे असतात हे मी बघितलंय. भुरी, डाऊनी हे वेलीचे रोग, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा, हे सगळं त्यांनी घरीच पाहिलेलं असतं. फक्त पुस्तकातलं युरोपचं कॅलेंडर वेगळं, तिकडे तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च, तेवढं डोक्यात वेगळं ठेवा.

टेस्टिंगला लोक उगाच घाबरतात. दोन वाइन, अर्धा तास, आणि कविता करायची नाहीये, अॅसिड किती, टॅनिन किती, बॉडी (तोंडात वाइन किती भारी लागते) किती हे ठरलेल्या शब्दांत लिहायचं. तोंडाला पाणी सुटलं की अॅसिड, कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आखडल्या की टॅनिन. आणि थुंकायचं बरं का, लाजायचं नाही, गिळत बसलात तर चौथ्या ग्लासनंतर सगळंच छान लागतं! क्लासला परफ्यूम मारून येऊ नका, शेजारचा वैतागतो.

स्पिरिट्सचे कोर्स वेगळे आहेत, बार किंवा व्हिस्कीच्या कंपनीत जायचं असेल तर तेच घ्या. आधी उन्हाळ्यात गोव्यात काजूची भट्टी बघून या, पहिल्या धारेचा उर्राक, तो परत गाळून फेणी, पॉट स्टिलचा, म्हणजे भांड्यात उकळून दारू गाळायच्या पद्धतीचा, अर्धा धडा तिथंच होतो.

लेव्हल 3 नंतर डिप्लोमा, सहा युनिट, खर्चही तसाच. त्याच्या पुढे मास्टर ऑफ वाइन, तिथं 36 वाइन ब्लाइंड, म्हणजे लेबल न बघता, ओळखायच्या असतात, भारतात राहून ते पहिल्यांदा सोनल हॉलंड यांनी मिळवलं, 2016 ला. तुम्ही तूर्त लेव्हल 2 करा, सहा-आठ महिने या लाइनमध्ये काम करा, मग 3 चे पैसे भरा. भरताना परीक्षा फी, पुस्तक आणि क्लासमधल्या वाइन त्यातच धरल्यात का आणि नापास झालात तर परत परीक्षेला बसायचे किती पडतात हे लेखी घ्या. नोकरी देणारा अर्धी फी भरतो का तेही विचारा, बरेच जण विचारतच नाहीत.