राखीव आउटफिल्डरची तयारी
अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या 26 जणांच्या संघात चौथा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) टिकतो तो लेफ्ट, सेंटर, राइट या तिन्ही जागा सांभाळता येतात म्हणून. सेंटरला पळण्याचा वेग लागतो, राइटला तिसऱ्या बेसपर्यंत चेंडू पोचवणारा हात.

गोव्यात झेलांचा सराव दुपारनंतर करा. समुद्रावरचा वारा उंच चेंडू पूर्वेकडे ढकलतो, त्यातच नजर तयार होते. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला पहिलं पाऊल मागे, तिरकं टाका आणि वळून पळा. उलट्या पावलांनी मागे सरकलात की तोल जातो, चेंडू निसटतो. डावीकडे 20, उजवीकडे 20 झेल.

पावसाळ्यात ग्लोव्हला बुरशी येते. पुसून, आत चेंडू ठेवून पंख्याखाली सुकवा. कडक उन्हात कातडं तडकतं.

बदलीची हाक बहुधा नऊपैकी सातव्या इनिंगनंतर येते, त्यामुळे पाचवीपासूनच अंग गरम ठेवा.