डुगाँग आणि लायनफिश यांची तुलना कशी लिहावी

अंदमानच्या समुद्रात डुगाँग हा सस्तन प्राणी आणि लायनफिश हा काटेरी मासा असे दोघेही आढळतात. पहिला उथळ पाण्यातील समुद्री गवताच्या कुरणांत, तर दुसरा प्रवाळांच्या कपारींत. डुगाँग सुमारे 3 मीटर लांब असतो आणि लायनफिश सहसा 38 सेंटिमीटरपर्यंतच, हा फरक तुलनेच्या तक्त्यात एका ओळीत उरकावा, कारण त्यातून दोघांच्या जगण्याविषयी फारसे काही कळत नाही.

खरी सुरुवात श्वासापासून करावी. डुगाँगला फुप्फुसे असल्यामुळे दर काही मिनिटांनी नाकपुड्या पाण्याबाहेर काढाव्याच लागतात, तर लायनफिश पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतो. त्यानंतर शेपटी पाहावी. डुगाँगची आडवी शेपटी वर-खाली हलते, माशाची उभी शेपटी डावी-उजवीकडे. चित्रावरून सस्तन प्राणी ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

आहाराचा मुद्दा थोडक्यात मांडावा: डुगाँग गवत चरतो, लायनफिश लहान मासे व कोळंबी गिळतो.

काट्यांची आकृती मात्र सावकाश काढावी. लायनफिशच्या पाठीवर 13, पोटाखालच्या परांत 2 आणि गुदपरात 3 असे एकूण 18 विषारी काटे असतात. छातीचे पंख्यासारखे पसरलेले पर कितीही भयंकर दिसले, तरी त्यांत विष नसते, म्हणून तेथे विषाची खूण करू नये. डुगाँगपाशी असे विष नाही. त्याची भिस्त आपल्या मोठ्या देहावरच.

सर्वांत जास्त जागा प्रजननाला द्यावी. डुगाँगची मादी वर्षाहून अधिक काळ गर्भ वाढवते, बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते, त्याला सुमारे दीड वर्ष दूध पाजते आणि पुढचे पिल्लू होईपर्यंत साधारणपणे तीन ते सात वर्षे जातात. लायनफिशची मादी एका खेपेला हजारो अंडी पाण्यात सोडते आणि पुढे त्यांकडे फिरकतही नाही. मूळचा हिंद-प्रशांत भागातील हा मासा 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम नोंदवला गेला व पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरला, त्यामागे या अंड्यांच्या संख्येचाही वाटा आहे.

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यातील रकाने उभे-आडवे जोडून वाचावेत. श्वास आणि प्रजनन हे दोन रकाने एकत्र वाचले, की मासेमारीच्या जाळ्यात अडकून वर येता न आल्याने गुदमरलेल्या एका डुगाँग मादीची उणीव भरून निघायला इतकी वर्षे का लागतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.