डिस्क भरली? आरएम मारण्याआधी हे बघा

लिनक्स सर्व्हरवर ‘नो स्पेस लेफ्ट’ (जागा संपली) दिसलं की हात आपोआप फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडकडे जातो. मीही एकदा 20 जीबीची लॉग फाइल अशीच उडवली. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारं डीएफ -एच पुन्हा चालवलं, तर आकडा जागचा हललेला नाही.

कारण आरएम फाइलचं फक्त नाव पुसतं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडी धरली असेल तर डेटा डिस्कवर तसाच राहतो, आणि आता तर तो एलएसमध्येही (फाइलींच्या यादीतही) दिसत नाही. अशा बेनाव फाइली एलएसओएफ +एल1 (मोठा एल) दाखवतं. फाइल धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते.

म्हणून आधी जागा कुठे गेली ते शोधा. फोल्डरचा आकार मोजणारं डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 रूटवर (/) चालवा, पुढे पाइप लावून सॉर्ट -एच. यातल्या एक्समुळे शोध एकाच फाइलसिस्टिममध्ये राहतो. जो फोल्डर फुगलेला दिसेल त्यात शिरून पुन्हा तेच. बहुतेक वेळा वाट /व्हार/लॉगपाशी संपते. जागा शिल्लक दिसते आणि तरीही फाइल तयार होत नाही, असं असेल तर डीएफ -आय बघा. आयनोड, म्हणजे फाइलींच्या मर्यादित नोंदी, संपले असतील.

चालू लॉग मोठा असेल तर तो पुसू नका, रिकामा करा: ट्रंकेट -एस 0 आणि फाइलचं नाव. आतला मजकूर लागणार असेल तर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. भरलेल्या डिस्कवर जीझिप चालवून उपयोग नाही, त्याला नवी फाइल लिहायला जागा लागतेच. आणखी एक गंमत: प्रोग्रॅम अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटी) लिहीत नसेल तर रिकामी केलेली फाइल एलएसमध्ये लगेच पुन्हा 20 जीबी दिसते. घाबरू नका. तो जुन्या जागेवरूनच पुढे लिहितोय, मधला भाग पोकळ आहे. डीयूला विचारा, खरा आकडा तो सांगेल.

कायमचा बंदोबस्त म्हणजे ठरावीक काळाने लॉग बदलून जुने छाटणारं लॉगरोटेट. सेटिंगमध्ये वीकली, रोटेट 4, कॉम्प्रेस, डिलेकॉम्प्रेस एवढं पुरतं. कॉपीट्रंकेट (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) सोपं वाटतं, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवतात. प्रोग्रॅमला लॉग पुन्हा उघडायला सांगता येत असेल तर पोस्टरोटेटच (लॉग बदलल्यावर चालणारी कमांड) वापरा. लॉगरोटेट -डी देऊन आधी कोरडी चाचणी घ्या. सिस्टिमडी (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=500एम ने जुनं जर्नल (तिचा लॉग) छाटा, आणि जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये सिस्टिममॅक्सयूज (जर्नलची कमाल जागा) ठरवून टाका.

आता लायब्ररी. /यूएसआर/लिब मोठं दिसतं म्हणून तिथल्या .एसओ फाइलींना (अनेक प्रोग्रॅमचा सामायिक कोड) हात लावू नका. लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) गेली की एलएस, सीपी, नवं लॉगिन सगळंच बसतं; हातात उरतात फक्त शेलच्या अंगच्या कमांड. तसं झालंच तर उघडं सेशन अजिबात बंद करू नका. फाइल कुठल्या पॅकेजची आहे ते डीपीकेजी -एस (मोठा एस) किंवा आरपीएम -क्यूएफ सांगतं. काढायचं ते पॅकेज मॅनेजरकडूनच: नको असलेल्या पॅकेजसाठी ऑटोरिमूव्ह, आणि कॅशसाठी क्लीन. जुन्या कर्नलांचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) मॉड्यूलही बरीच जागा खातात. यूनेम -आर बघून चालू कर्नलला हात लावू नका आणि एखादा जुना हाताशी ठेवा.

लायब्ररी अपडेट केल्यावरही आरएमचाच खेळ होतो. जुनी फाइल पुसली जाते, पण चालू सर्व्हिस तीच वापरत बसते. एलएसओएफच्या यादीत तिच्यापुढे ‘डीईएल’ दिसलं तर सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर सुरक्षेचा पॅच लावूनही जुनाच कोड चालू राहतो.