महासत्तेचे परराष्ट्र धोरण कसे निवडावे

परराष्ट्र धोरणाची चर्चा बहुधा उलट्या क्रमाने होते. जगाचे नेतृत्व करावे, सत्तासमतोल सांभाळावा की आपल्या सीमेत राहावे, यांपैकी एखादी भूमिका आधी पसंत पडते आणि मग तिला साजेशी कारणे जमवली जातात. महासत्तेला ही सवय फार महागात पडते, कारण तिचे हात जवळजवळ सर्वत्र पोहोचतात. म्हणूनच कशात पडायचे नाही, हे तिने आधी ठरवले पाहिजे.

त्यासाठी प्रथम हितसंबंधांची उतरंड लावावी. कोणत्या प्रदेशासाठी स्वतः युद्धात उतरायचे, कोठे शस्त्रे आणि पैसा पुरवणे पुरेसे आहे आणि कोठे निषेधाच्या पत्रकावर थांबायचे, हे लिहून काढावे आणि मग प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी तेथे हल्ला झाला, तर आपण खरोखर असेच वागू का? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी जानेवारी १९५० मध्ये पॅसिफिकमधील आपल्या संरक्षणरेषेचे वर्णन केले, तेव्हा दक्षिण कोरिया त्या रेषेबाहेर राहिला. जूनमध्ये उत्तर कोरियाने आक्रमण केले आणि अमेरिका त्याच देशासाठी युद्धात उतरली. या भाषणाने आक्रमणाला कितपत बळ दिले याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण जाहीर यादी आणि प्रत्यक्ष वर्तन यांतली तफावत लपण्यासारखी नव्हती.

खर्चाचा हिशेब उतरंडीनंतर लगेच करावा, धोरण ठरल्यावर नव्हे. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनला पौंडाचे अवमूल्यन करावे लागले आणि दोनच महिन्यांनी पंतप्रधान विल्सन यांच्या सरकारने मलेशिया, सिंगापूर व इराणचे आखात येथील सैन्य १९७१ अखेरपर्यंत मागे घेण्याचे जाहीर केले. तो निर्णय शांतपणे, काही वर्षे आधी घेता आला असता, तर वाटाघाटीत त्याचे काही मोल तरी मिळाले असते, असे मला वाटते.

यानंतर खरी निवड येते, आणि येथे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ‘प्रोजेक्ट सोलॅरियम’ या नावाने तीन गट बसवले. पहिल्या गटाने सोव्हिएत विस्ताराला आवर घालण्याचे चालू धोरण मांडायचे होते. दुसऱ्याने अशी रेषा आखायची होती की, ती ओलांडल्यास सर्वंकष युद्ध होईल. तिसऱ्याने सोव्हिएत प्रभाव प्रत्यक्ष मागे रेटण्याची योजना आखायची होती. पहिल्या गटाचे नेतृत्व या धोरणाचे मूळ प्रवर्तक, मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्याकडे होते, आणि विशेष म्हणजे त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या खात्यातून त्यांना बाहेर पडावे लागले होते. जुलैमध्ये तिन्ही गटांनी अध्यक्षांसमोर आपापली बाजू मांडली आणि ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या धोरणाचा पाया मुख्यतः आवर घालण्याचाच राहिला, त्याला अण्वस्त्रांच्या धाकाची जोड मिळाली.

या पद्धतीचे मर्म असे की, प्रत्येक पर्यायाला मनापासून वकिली करणारी माणसे मिळाली. एरवी सल्लागार तीन पर्याय मांडतात खरे, पण त्यांतले दोन मुद्दाम अशक्य कोटीतले असतात आणि नेत्याला ‘निवड’ केल्याचे समाधान तेवढे मिळते. म्हणून गट वेगळे ठेवावेत, प्रत्येकाला सारखीच गुप्त माहिती द्यावी आणि शेवटचा निर्णय ज्याला घ्यायचा आहे, त्याने स्वतः बसून ऐकावे.

मित्रराष्ट्रांना दिलेली वचने या टप्प्यावर पुन्हा तपासावीत. जाहीर भाषणांतील शब्दही वचनासारखेच मोजले जातात: पूर्व युरोपच्या ‘मुक्ती’ची भाषा अमेरिकेने केली होती, मात्र १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा तिने लष्करी हस्तक्षेप केला नाही.

शेवटी, धोरण ज्या गृहीतकांवर उभे आहे, ती मसुद्यातच नोंदवावीत आणि कोणते गृहीतक ढासळले तर फेरविचार करायचा, हेही लिहावे. मॉस्को आणि बीजिंग ही एकच आघाडी आहे, हे गृहीतक अमेरिकेत दीर्घकाळ टिकून राहिले. १९६९ मध्ये सोव्हिएत-चीन सीमेवरील उसुरी नदीवर या दोघांच्या सैन्यात चकमकी झाल्या, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले. पण दोन्ही कम्युनिस्ट पक्षांतील वाद मात्र त्याआधी कित्येक वर्षे उघडपणे चालू होता.