स्वतःच्या समजुतीचं मुद्रितशोधन कसं करावं

बावीस वर्षं मी मुद्रितं तपासते. या कामात पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक लगेच डोळ्यांत खुपते, पण स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातली पाचदा वाचूनही सुटते. लिहिलंय काय ते बाजूला राहतं आणि लिहायचं काय होतं तेच आपण वाचत जातो. स्वतःबद्दलच्या समजुतींचंही असंच होतं, हे माझ्या लक्षात यायला पन्नाशी उजाडली. तेव्हापासून मी जी पद्धत वापरते ती सांगते. एक वही, एक पेन आणि तीन आठवडे एवढं पुरतं.

आधी वाक्य निवडा, आणि एकच निवडा. माणूस मुळात चांगला की वाईट, आयुष्याला अर्थ आहे की नाही, असल्या प्रश्नांनी सुरुवात करू नका. त्यांच्यावर जन्मभर वाद घालता येतो आणि आपला एकही दिवस त्याने बदलत नाही. रोजच्या वापरातलं वाक्य घ्या, ज्याच्या मध्यावर ‘कारण’ हा शब्द येतो. माझं वाक्य होतं: ‘मी ताईला फोन करत नाही, कारण तिला वेळ नसतो.’ हे मी तीन वर्षं स्वतःला आणि इतरांना सांगत होते, आणि मला ते खरंच वाटत होतं.

वाक्य पानाच्या डोक्यावर लिहा. मग ‘कारण’च्या पुढचा भाग एका रेघेने खोडा, पण वाचता येईल असा ठेवा. ‘मी ताईला फोन करत नाही.’ एवढंच उरलं की कसं वाटतं ते पाहा. मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. असं काही झालं तर वाक्य बरोबर निवडलंय असं समजा. काहीच झालं नाही तर दुसरं घ्या.

कारण खोडायचं कशासाठी? आपण जे केलं ते का केलं, हे आपल्याला आतून ठाऊक असतं अशी आपली खात्री असते, आणि ती फार कच्ची आहे. 1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांपुढे स्टॉकिंग्जचे चार जोड मांडले आणि सगळ्यात चांगला कोणता ते विचारलं. चारही जोड अगदी सारखे होते. तरी लोकांचा कल सर्वांत उजवीकडच्या जोडाकडे स्पष्ट दिसला. का निवडला असं विचारल्यावर कारणं मिळाली, पण जागेचं नाव आपणहून एकानेही घेतलं नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती. कारण मागितलं की मन ते हजर करतं, इतकंच. म्हणून खोडलेल्या कारणाखाली आणखी तीन कारणं लिहा, आणि त्यातलं एक तरी असं हवं की ते दुसऱ्या कुणी वाचलं तर तुम्हाला आवडणार नाही. ते खरंच असेल असं नाही. पण ते कागदावर आलेलं हवं.

आता तीन आठवडे फक्त नोंदी करायच्या, दोन प्रकारच्या.

पहिली नोंद वाक्याच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टींची. ही युक्ती चार्ल्स डार्विनची आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारं निरीक्षण किंवा विचार समोर आला की तो ते तिथल्या तिथे लिहून ठेवत असे. अनुकूल गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात, हे त्याने अनुभवाने ओळखलं होतं. ‘रात्री लिहीन’ म्हणू नका, रात्रीपर्यंत ती गोष्ट गेलेली असते. माझ्या वहीत एकोणीस दिवसांत अशा सहा नोंदी झाल्या. ताईने चारदा स्वतःहून फोन केला होता. त्यातला एक चाळीस मिनिटांचा होता, आणि तो आटोपता घेतला होता मी. ‘तिला वेळ नसतो’ हे माझं वाक्य या सहा ओळींसमोर उभं राहीना.

दुसरी नोंद चुकांची: विसरणं, उलटं बोलणं, हातून भलतंच होणं. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने 1901 साली अशा चुकांवर सविस्तर लिहिलं. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. ऑस्ट्रियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी बैठक सुरू झाल्याचं जाहीर करायच्या ऐवजी ती संपल्याचं जाहीर केलं. ती बैठक लवकर आटोपावी असंच त्यांना मनातून वाटत असणार. मात्र प्रत्येक चुकीत गूढ शोधू नका. माझ्या धंद्यात मी रोज शेकडो चुका पाहते, आणि बहुतेक नुसत्या थकव्याच्या असतात. एकाच दिशेला तीन चुका दिसल्या तरच थांबा.

मला त्या दिसल्या. ताईच्या वाढदिवसाची तारीख मी एका अर्जात चुकीची लिहिली. तिचा फोन वाजत असताना तो मेजावर पालथा घातला आणि काम पुढे चालू ठेवलं. तिसरी चूक मोबाइलमधल्या एका संदेशात सापडली. मला लिहायचं होतं, ‘ताई, तुला त्रास नको म्हणून फोन केला नाही.’ पाठवला होता तो असा: ‘ताई, मला त्रास नको म्हणून फोन केला नाही.’ ‘तुला’च्या जागी ‘मला’. पोटासाठी चुका शोधणाऱ्या बाईच्या नजरेतून ही चूक पाच महिने सुटली होती. ताईनेही त्यावर काही लिहिलं नव्हतं, नुसतं ‘बरं’.

त्या संध्याकाळी मी न आवडणारं कारण पुन्हा वाचलं. बाबांच्या आजारपणाची दोन वर्षं ताईने एकटीने काढली. मी कामाची सबब सांगून लांब राहिले. तिचा दमलेला आवाज ऐकला की मला ते आठवतं.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि मीही थांबणार होते. आपल्या वागण्याचं मूळ सापडलं की हलकं वाटतं, जणू मनातल्या कुण्या दुसऱ्याने ते केलं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रचा आक्षेप नेमका यावर होता. 1943 मध्ये त्याने लिहिलं की एखादी गोष्ट दाबून ठेवणाऱ्याला काय दाबायचं हे माहीत असावंच लागतं. मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. वाढदिवसाची तारीख चुकली तेव्हा मला खरोखरच काही माहीत नव्हतं. पण फोन पालथा घालणाऱ्या हाताला माहीत होतं. म्हणून शोधायला मी फ्रॉइड घेते आणि उत्तर द्यायला सार्त्र.

उत्तर द्यायचं म्हणजे खोडलेल्या कारणाच्या जागी ‘मी ठरवलं आहे’ असं लिहायचं आणि ते मान्य आहे का हे स्वतःला विचारायचं. ‘मी ताईला फोन करत नाही, असं मी ठरवलं आहे.’ मान्य असेल तर तसंच जगा, पण मग तिच्या वेळेचं नाव घेऊ नका. मला ते मान्य नव्हतं.

या टप्प्यावर सल्ला मागायची ओढ लागते. तेव्हा वहीत दोन नावं लिहा: कुणाला विचारणार आणि मुद्दाम कुणाला टाळणार. सार्त्रने ऑक्टोबर 1945 च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. भाऊ 1940 च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, आई एकटी. तिच्याजवळ राहावं की इंग्लंडला जाऊन लढणाऱ्यांना मिळावं, हे विचारायला तो आला होता. सार्त्र म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड. शिवाय सल्लागार निवडतानाच आपण अर्धं ठरवलेलं असतं, कारण तो काय सांगणार हे आपल्याला ठाऊक असतं. माझ्या वहीत टाळायच्या नावापुढे माझ्या मुलीचं नाव आलं. तिने सरळ सांगितलं असतं.

एक सूचना मनापासून. ‘मी जगायच्या लायकीची नाही’ अशा जातीचं वाक्य डोक्यात असेल तर ते वहीत एकट्याने तपासू नका, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

शेवटी कृती, छोटी आणि तारखेसह. मी लिहिलं, ‘गुरुवारी, साडेआठला.’ फोन लावला आणि म्हटलं, “ताई, त्या दोन वर्षांत मी यायला हवं होतं.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हो, हवंच होतं.” आणि मग डोळ्यांच्या तपासणीला जायचंय, सोबत येशील का, असं विचारलं.