‘अगदी त्या सीनिअरसारखा’: नव्या पोराची जुन्या खेळाडूंशी तुलना कागदावर कशी मांडायची

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या बास्केटबॉल कोर्टावर संध्याकाळी दोन जुने खेळाडू कडेला उभे असले, की नव्या पोराला दहा मिनिटांत कुणाचं तरी नाव चिकटतं. ‘अगदी अमक्याचा लेअप’ (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट). घोटाळा इथेच सुरू होतो. एका पारड्यात सतरा वर्षांच्या पोराचा कालचा सराव असतो आणि दुसऱ्या पारड्यात त्या सीनिअरचा चोविसाव्या वर्षीचा, सगळ्यांच्या लक्षात राहिलेला एकच सामना. तुलना करायचीच असेल तर सीनिअरलाही सतरा वर्षांचा करून घ्यावा लागतो. खाली सांगितलेलं सगळं त्यासाठीच आहे.

आधी कुणाशी तुलना करायची ते ठरवा. पोरगा गार्ड (बॉल वर आणणारा, बाहेरून खेळणारा) असेल तर तुमच्याच संघाचे पाच जुने गार्ड निवडा. दोन असे, जे राज्य किंवा विद्यापीठ संघापर्यंत गेले. दोन असे, जे क्लबसाठी बरे खेळले आणि तिथेच थांबले. एक असा, ज्याने पीयूसीनंतर (बारावीनंतर) बॉल हातात घेतला नाही. हा शेवटचा कुणालाच आठवत नाही, म्हणून तो मुद्दाम शोधायचा. फक्त मोठे झालेले घेतले तर दोन चुका होतात: प्रत्येक पोरगा कमी ठरतो, आणि सतराव्या वर्षी छान खेळूनही पुढे न गेलेल्यांत काय कमी होतं ते कधीच कळत नाही. रिंगखाली खेळणाऱ्या उंच सेंटरशी गार्डची तुलना करणाऱ्याला चहा पाजावा आणि पुढे जावं.

वय आणि वाढ

प्रत्येकाची जन्मतारीख एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावरून घ्या, तोंडी घेऊ नका. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख दिसली तर सावध व्हा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी टाकलेली ती तारीख असू शकते, आणि खरं वय वर्षभराने इकडेतिकडे असू शकतं. अशा खेळाडूच्या आकड्यांपुढे प्रश्नचिन्ह करून ठेवा.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचं वय सरासरी १४ च्या आसपास असतं, पण कुणाचं ते १२ ला येतं, कुणाचं १६ ला. त्यामुळे चौदा वर्षांखालच्या गटात रिंगखाली सगळे रिबाउंड (हुकून परत आलेले बॉल) ओढणारा पोरगा बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेला असतो. सध्याच्या पोराची उंची दर तीन महिन्यांनी मोजा. ती सकाळीच मोजायची, बूट काढून, भिंतीला टाच लावून. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटरही वाढ नसेल तर वाढ संपत आली असं धरा. तो सहा फुटांचा होईल या आशेवर त्याला फॉरवर्डशी (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूशी) ताडून पाहू नका.

जुनी स्कोअरशीट वाचताना

जुना माल पीटी सरांच्या कपाटात असतो: कार्बन कॉप्या, अर्ध्या पुसलेल्या. दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात मोबाइलने फोटो काढले तर दाब उमटलेलं अक्षरही वाचता येतं. २०१४ च्या १ नोव्हेंबरआधीच्या प्रमाणपत्रांवर शहराचं इंग्रजी नाव ‘बेलगाम’ असं आहे, त्यामुळे इंटरनेटवर किंवा वर्तमानपत्राच्या फायलीत शोधताना दोन्ही नावं टाका. खेळाडूंच्या नावांचा गोंधळ त्याहून मोठा. एकाच संघात चार पाटील असतात. एका शीटवर आडनाव आधी, दुसऱ्यावर कन्नड पद्धतीने नुसती आद्याक्षरं. नंबरावर विसंबू नका. पूर्वी जर्सीचे नंबर ४ ते १५ एवढेच असत आणि स्पर्धागणिक बदलत. संघाचा फोटो, स्पर्धा आणि साल असे तिन्ही जुळले तरच तो आकडा त्या माणसाच्या नावावर टाका.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) शीटवर धावत्या गुणसंख्येच्या रकान्यात तिरकी रेघ म्हणजे मैदानी बास्केट (चालू खेळात पडलेली), भरलेला ठिपका म्हणजे फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट) आणि खेळाडूच्या नंबराभोवती गोल म्हणजे तीन गुण. नावापुढे गोलातली फुली असेल तर तो पहिल्या पाचांत होता, नुसती फुली म्हणजे नंतर आत आला. एवढ्यावरून गुण, तीन गुणांची बास्केट, झालेले फ्री थ्रो आणि फाउल नीट काढता येतात.

जे तिथे नाही तेही ओळखा. हुकलेले शॉट नाहीत, हुकलेले फ्री थ्रोही नाहीत, रिबाउंड, असिस्ट (ज्यावर बास्केट झाली तो पास), टर्नओव्हर (गमावलेला बॉल) नाहीत, खेळलेली मिनिटं नाहीत. ‘आम्ही दहातले नऊ फ्री थ्रो टाकायचो’ हे कुठल्याही जुन्या शीटवरून सिद्ध होत नाही, खोडताही येत नाही. म्हणून जुन्या खेळाडूंशी नेमाच्या टक्केवारीत तुलना करायचीच नाही.

त्याऐवजी संघाच्या गुणांतला वाटा काढा. समजा आजच्या पोराने दहा सामन्यांत १४० गुण केले आणि संघाचे ६२० झाले. वाटा २२.६ टक्के. जुन्याने दहा सामन्यांत १८० केले, संघाचे ८८०. वाटा २०.५ टक्के. सामन्याच्या सरासरीत जुना चार गुणांनी पुढे होता, वाट्यात नवा पुढे निघतो. शालेय स्पर्धेत वेळ कमी केलेली असली, किंवा जुना संघ धावता खेळ खेळत असला, तरी वाटा बऱ्यापैकी टिकतो. एक फट मात्र राहते: बाकीचे चार कच्चे असले की एकाचा वाटा आपोआप फुगतो. म्हणून संघातल्या दुसऱ्या नंबरच्या खेळाडूचा वाटाही शेजारी लिहा. पहिल्याचा २३ आणि दुसऱ्याचा २१ असेल तर संघ भक्कम होता. पहिल्याचा २३ आणि दुसऱ्याचा ९ असेल तर हे पोरगं एकट्याने ओढतंय.

कुठले सामने धरायचे? तालुका पातळीवरचे ५०-१२ सारखे निकाल सरळ वगळा. जिल्हा पातळीपासून वरचे आणि १५ गुणांच्या आतल्या फरकाने संपलेले सामनेच घ्या. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडच्या निमंत्रित स्पर्धांचे सामने वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण तिथे समोर प्रौढ क्लब असू शकतो आणि सतरा वर्षांच्या पोराचे तिथले ८ गुण घरच्या १८ हून भारी ठरतात.

‘युनिव्हर्सिटीला खेळला’ या शब्दालाही साल लावा. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावची साधी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. म्हणजे संघात येण्यासाठी धारवाड-हुबळीच्या पोरांशी झुंजावं लागे. इंजिनिअरिंगवाले १९९८ पासून व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) गेले, आणि तिथे सगळ्या कर्नाटकातली कॉलेजं येतात. तीन माणसांच्या प्रमाणपत्रावर तोच शब्द असला तरी त्यांनी ओलांडलेला उंबरठा सारखा नव्हता.

रेषा कुठे होती

फिबाने तीन गुणांची रेषा २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली. जुन्याची तीन गुणांची बास्केट मोजताना हे अर्धं मीटर विसरू नका. उलट फसवणूकही होते: उघड्या सिमेंटच्या कोर्टावर रेषा पुन्हा रंगवताना जुनीच रेषा गिरवली जाते, आणि आजचा पोरगा तिथे सराव करून बाहेर गेला की त्याचे शॉट रिंगला पुढच्या बाजूने लागतात. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा (तो बिंदू रिंगमागच्या एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा) आणि तिथून टेपने रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. रिंगची उंचीही मोजा. ३.०५ मीटर हवी. पोरं लोंबकळून लोंबकळून ती दोन-चार सेंटिमीटर खाली आलेली असते आणि सगळ्यांनाच आपली उडी वाढल्यासारखी वाटते.

शिवाय २००० पर्यंत शॉट क्लॉक (बॉल मिळाल्यावर शॉट टाकायची मुदत) ३० सेकंदांचं होतं आणि सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा. त्यानंतर २४ सेकंद आणि दहाचे चार क्वार्टर आले. जुना गार्ड सावकाश खेळ रचत असे तो काही आळशी नव्हता, नियमच तसा होता.

मोठ्या संघाचं उदाहरण

आपल्याकडच्या शीटवर जे नसतं ते एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नोंदींत असतं, म्हणून गणित पक्कं करायला सॅन अँटोनिओ स्पर्सचे तीन उंच खेळाडू घ्या. तिघेही ड्राफ्टमध्ये (लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिले निवडलेले, तिघेही पहिल्या वर्षी सर्वोत्तम नवोदित. डेव्हिड रॉबिन्सन १९८९-९० मध्ये सामन्याला २४.३ गुण, टिम डंकन १९९७-९८ मध्ये २१.१, व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३-२४ मध्ये २१.४. एवढ्यावर थांबलं तर रॉबिन्सन पुढे.

आता मिनिटं धरा. रॉबिन्सन ३६.६, डंकन ३९.१, वेम्बान्यामा फक्त २९.७. गुण भागिले मिनिटं गुणिले ३६, म्हणजे ३६ मिनिटांमागचे गुण, काढले की रॉबिन्सन २३.९, डंकन १९.४, वेम्बान्यामा २५.९. क्रम बदलला. मग वय: वेम्बान्यामा सुरुवातीला १९ चा, डंकन चार वर्षं कॉलेज करून २१ चा, रॉबिन्सन नौदलातली नोकरी करून २४ चा. खेळाचा वेगही सारखा नव्हता. १९९७-९८ मध्ये लीगमध्ये संघाला सामन्यात साधारण ९० वेळा बॉल ताब्यात मिळे, बाकीच्या दोन वर्षी साधारण ९८ वेळा. म्हणजे डंकनचा आकडा आणखी थोडा वर सरकवायला हवा.

नेमबाजीत रॉबिन्सन ५३.१ टक्के, डंकन ५४.९, वेम्बान्यामा ४६.५. इथे पोरगं फारच मागे दिसतं. पण ते सामन्याला पाच-साडेपाच शॉट रेषेबाहेरून टाकत होतं, आधीचे दोघे जवळजवळ शून्य. म्हणून गुण भागिले, २ गुणिले (टाकलेले मैदानी शॉट अधिक ०.४४ गुणिले टाकलेले फ्री थ्रो), असं काढा. त्याच क्रमाने ५९.७, ५७.७, ५६.५ टक्के. आठ टक्क्यांची दरी तीनवर आली. मागे आहे, पण तेवढा नाही.

आणि संघाचा निकाल पोराच्या नावावर टाकू नका. रॉबिन्सन आला तेव्हा स्पर्स २१ विजयांवरून ५६ वर गेले, डंकनच्या वर्षी २० वरून ५६ वर, वेम्बान्यामाच्या वर्षी २२ वरून २२ वरच. पण डंकनच्या वर्षी आदल्या मोसमात सहाच सामने खेळलेला रॉबिन्सन दुखापतीतून परतला होता.

सीनिअरना विचारताना

आठवणी उपयोगी पडतात, पण एकेकट्याला विचारल्या तरच. कट्ट्यावर चौघे एकत्र बसले की पहिला जे बोलतो तेच उरलेले तिघे बोलतात, मग मराठीत विचारा की कन्नडमध्ये. ‘तो भारी होता का?’ हा प्रश्नच नको. विचारा: डाव्या हाताने लेअप होता का? दाबाखाली बॉल कोण वर आणायचं? समोरच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला कोण धरायचं? चौथ्या क्वार्टरला चार फाउल असताना कोच त्याला बसवायचे की ठेवायचे? दोघांची उत्तरं न ठरवता जुळली तर ती लिहून घ्या.

पोराबद्दलचा निष्कर्ष एका कौशल्यापुरता लिहा. ‘सतराव्या वर्षी गुणांच्या वाट्यात पाचांपैकी दुसरा, डाव्या हातात चौथा’ एवढं पुरे. त्याला सांगताना नाव घेऊ नका, काम सांगा: रोज डाव्या हाताने ५० लेअप, त्यातले २५ धावत. नाव घेतलं की पोरगं त्या सीनिअरची लकब उचलतं आणि पाय तसेच राहतात.

दहापेक्षा कमी सामन्यांवर काही ठरवू नका. तीन गुणांचे ४० शॉट टाकून १२ पडले तर ते ३० टक्के दिसतं, पण तोच पोरगा पुढच्या चाळिसांत ९ टाकेल किंवा १५, आणि त्याचा नेम बदललेला नसेल.

आजपासून बेंचवर एका पोराला वही देऊन बसवा. दर खेळाडूला एक ओळ: आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, टाकलेले शॉट रेषेच्या आतले आणि बाहेरचे वेगळे, फ्री थ्रो टाकलेले आणि पडलेले, दोन्ही बाजूंचे रिबाउंड, टर्नओव्हर. असिस्ट नको, त्यावर भांडणं होतात. दोन सामने हात बसायला लागतात, त्यांचे आकडे टाकून द्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, समोरचा संघ आणि त्या कोर्टाची रेषा किती मीटरवर निघाली ते लिहा.